श्रेणिक बिंबिसार: दोन परंपरांनी दिलेली साक्ष

राजवाड्याच्या गच्चीवरून मगधाचा तरुण राजा खालचा रस्ता पाहत होता. भिक्षापात्र घेऊन, नजर खाली ठेवून चाललेला एक अनोळखी संन्यासी त्याच्या दृष्टीस पडला. त्याच्या चालण्यातले शांतपण राजाच्या मनात भरले. त्याने माग काढायला दूत धाडले आणि संन्यासी पांडव टेकडीवर उतरला आहे असे कळताच रथ जोडायला सांगितला. रथाची वाट संपली तिथून पुढे तो पायी चढला. तू ऐन तारुण्यात आहेस, क्षत्रिय दिसतोस, मी तुला वैभव देतो, सैन्य देतो, असे तो म्हणाला. संन्याशाने आपले शाक्य कूळ सांगितले आणि देणगी नाकारली. हा संन्यासी म्हणजे सिद्धार्थ गौतम. अजून तो बुद्ध झालेला नव्हता. सुत्तनिपातातल्या 'पब्बज्जा सुत्ता'त ही भेट आली आहे.

जैन आगमातल्या उत्तराध्ययन सूत्राच्या विसाव्या अध्ययनात हाच राजा दुसऱ्या एका तरुण संन्याशासमोर उभा आहे. मंडिकुक्षी नावाच्या उद्यानात झाडाखाली एक सुकुमार मुनी बसलेला आहे. या वयात घर का सोडलेस, असे राजा विचारतो. मला कोणी नाथ नव्हता, असे मुनी सांगतो. राजाला हसू येते. मग मी तुझा नाथ होतो, खुशाल सुख भोग, असे तो म्हणतो. त्यावर मुनी त्याला सुनावतो, की मगधाधिपती, तू स्वतःच अनाथ आहेस, दुसऱ्याचा नाथ कसा होणार? हत्ती, घोडे, नगरे, अंतःपुर हे सगळे असलेला राजा चकित होतो. मग मुनी आपली हकीकत सांगतो. कौशांबीतले श्रीमंत घर, डोळ्यांत उठलेली असह्य वेदना, हात टेकलेले वैद्य, रडणारी आई आणि पत्नी, आणि कोणालाच वाटून न घेता आलेले ते दुखणे. सगळे ऐकून राजा हात जोडतो.

बौद्ध ग्रंथ या राजाला बिंबिसार म्हणतात, जैन ग्रंथ श्रेणिक. पाली ग्रंथांत 'मगधाचा राजा सेनिय बिंबिसार' असे जोडनाव येते, त्यामुळे माणूस एकच आहे याबद्दल शंका उरत नाही. दोन्ही परंपरांत राजा काही देऊ करतो आणि समोरचा ते घेत नाही. पुढे त्याच्या आयुष्यात, आणि मृत्यूनंतरच्या कथांतही, याच प्रसंगाचा अर्थ उलगडत जातो.

देण्यासारखे त्याच्याकडे पुष्कळ होते. राजधानी राजगृह, म्हणजे आजच्या बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यातले राजगीर, पाच टेकड्यांच्या कुशीत वसलेली होती. त्या टेकड्यांच्या माथ्यांवरून प्रचंड दगड रचून बांधलेली तटबंदी सुमारे ४० किलोमीटर लांबीची आहे आणि तिचे अवशेष आजही दिसतात. दक्षिणेच्या पठारात लोखंडाचे खनिज होते, जंगलांत हत्ती होते, उत्तरेला गंगा आणि पश्चिमेला शोण या वाहतुकीच्या नद्या होत्या. भाताची सुपीक जमीन तर होतीच. सिंहली परंपरेच्या 'महावंस' या इतिहासग्रंथानुसार बिंबिसार १५ व्या वर्षी गादीवर आला आणि त्याने ५२ वर्षे राज्य केले. या वर्षसंख्येवरून त्याचा काळ सहसा इसवी सनापूर्वी ५४४ ते ४९२ च्या सुमारास धरला जातो. आजचे अनेक अभ्यासक बुद्धाचा आणि त्याबरोबर बिंबिसाराचा काळ याहून अलीकडे आणतात.

राज्य वाढवण्याच्या त्याच्या रीतीत तलवारीइतकाच सोयरिकीचाही वाटा होता. पूर्वेचे अंग राज्य त्याने जिंकून घेतले आणि आजच्या भागलपूरजवळची चंपा ही व्यापारी नगरी त्याच्या हाती आली. कोसलच्या प्रसेनजिताची बहीण त्याची राणी झाली आणि तिच्या स्नानचूर्णाच्या खर्चासाठी म्हणून काशीतले एक लाखाच्या उत्पन्नाचे गाव आंदण मिळाले. वैशालीच्या लिच्छवींशी संबंध जुळला तो त्यांचा प्रमुख चेटक याची कन्या चेल्लणा हिच्यामुळे. पंजाबातल्या मद्र देशातून आलेली क्षेमा हीदेखील त्याची राणी. तक्षशिलेत शिकून आलेला जीवक हा त्याचा राजवैद्य. त्याने राजाचे भगंदर बरे केले, आणि उज्जयिनीच्या प्रद्योताला पांडुरोग झाला तेव्हा बिंबिसाराने आपला हाच वैद्य त्याच्याकडे धाडला. प्रद्योत तापट म्हणून कुप्रसिद्ध होता. अशा शेजाऱ्याकडे सैन्याऐवजी वैद्य धाडणारा राजा दूरचे पाहत होता.

नव्या धर्मसंघांशीही तो असाच वागला. बुद्धत्व मिळवून गौतम राजगृहात परतला तेव्हा बिंबिसाराने आपले वेळुवन संघाला दिले. गावापासून फार दूर नाही, फार जवळ नाही, दिवसा गर्दी नाही, रात्री गोंगाट नाही, अशी ती जागा होती. इतर पंथांचे साधू ठरावीक तिथींना एकत्र जमून धर्म सांगतात, तसे बौद्ध भिक्षूंनीही करावे, ही सूचना विनयपिटकानुसार राजाचीच. तिच्यातून उपोसथाची प्रथा आली. एकदा सीमेवर बंड उठले, तेव्हा लढाईला जायचे टाळून काही सैनिकांनी प्रव्रज्या घेतली. राजाच्या अधिकाऱ्यांत खळबळ उडाली. बिंबिसार बुद्धाकडे गेला. सगळेच राजे श्रद्धाळू नसतात, थोड्याशा कारणानेही ते भिक्षूंना त्रास देतील, असे त्याने सांगितले. राजसेवेत असलेल्या माणसाला दीक्षा द्यायची नाही, हा नियम तेव्हापासून झाला. वर्षावास एक महिना उशिरा सुरू करावा, ही त्याची विनंतीही संघाने मान्य केली.

महावीरांचे राजगृह आणि त्याचे उपनगर नालंदा इथे मिळून १४ चातुर्मास झाल्याचे कल्पसूत्र सांगते. त्यामुळे एकाच नगरात, एकाच राजवाड्याच्या छायेत, दोन महान शिक्षक आणि त्यांचे अनुयायी वावरत होते. राजघराणेही दोघांत वाटले गेले. क्षेमा बौद्ध भिक्षुणी झाली आणि प्रज्ञेत अग्रगण्य ठरली. जैन परंपरेत राजाला महावीरांकडे वळवणारी व्यक्ती म्हणजे चेल्लणा. दिगंबर कथेत तर श्रेणिक आधी बौद्धच असतो. चेल्लणेवरच्या रागाने तो ध्यानस्थ यशोधर मुनींच्या गळ्यात मेलेला साप टाकतो आणि नंतर त्यांच्या समतेपुढे नमतो. राजपुत्र अभय दोन्हीकडे भेटतो. मज्झिमनिकायात निगंठ नातपुत्तांच्या, म्हणजे महावीरांच्या, सांगण्यावरून तो बुद्धाला कोड्यात टाकायला जातो आणि बुद्धाचा उपासक होऊन परततो. जैन कथांत तो श्रेणिकाचा विलक्षण हुशार मंत्री असतो आणि शेवटी महावीरांकडे दीक्षा घेतो. दिवाळीत वहीपूजन करताना जैन व्यापारी आजही पहिल्या पानावर अभयकुमाराची बुद्धी मागतात.

इतक्या जवळच्या राजाला दोन्ही धर्म सहज निष्कलंक ठरवू शकले असते. त्यांनी तसे केले नाही, आणि मला या कथांचा खरा मोठेपणा इथे दिसतो.

जैन कथा सांगते, की श्रेणिकाने मरणानंतर आपले काय होईल असे महावीरांना विचारले. उत्तर आले: नरक. पूर्वी केलेल्या पापाने नरकाचे आयुष्यकर्म बांधले गेले होते. राजा हादरला आणि सुटकेचा उपाय विचारू लागला. महावीरांनी उपाय सांगितले. कालसौकरिक नावाचा खाटीक रोज ५०० रेडे मारतो, त्याने एक दिवस हिंसा थांबवावी. कपिला दासीने मनापासून दान द्यावे. पुणिया श्रावकाच्या एका सामायिकाचे, म्हणजे समभावाच्या ध्यानव्रताचे, पुण्य विकत घेता आले तर घ्यावे. राजाला हे सोपे वाटले. त्याने खाटकाला विहिरीत उतरवून ठेवले, तर तो तिथे चिखलाचे रेडे करून मारत बसला. कपिलेच्या हातून दान देववले, तर देणारी मी नाही, राजाची पळी आहे, असे ती म्हणाली. सूत कातून पोट भरणाऱ्या पुणियाला मोल विचारले, तर साऱ्या मगधाचा खजिना त्याला अपुरा पडला. हुकूम सोडून दुसऱ्याचे मन बदलत नाही आणि द्रव्य देऊन दुसऱ्याचे पुण्य मिळत नाही. मंडिकुक्षी उद्यानातल्या मुनीने तरुण राजाला जे सांगितले होते, ते म्हातारपणी त्याला असे कळले.

आणि मग मुलगा. बौद्ध ग्रंथांत त्याचे नाव अजातशत्रू, जैन ग्रंथांत कूणिक. तो पोटात असतानाच आईला भयंकर डोहाळे लागले, हे दोघेही सांगतात. पाली अट्ठकथांत, म्हणजे टीकाग्रंथांत, राणीला राजाच्या दंडाचे रक्त प्यावेसे वाटते, जैन 'निरयावलिका' सूत्रात त्याचे मांस खावेसे वाटते, आणि अभयकुमार युक्तीने ती वेळ निभावून नेतो. जैन कथेत घाबरलेली चेल्लणा जन्मलेल्या बाळाला उकिरड्यावर टाकायला लावते. तिथे कोंबडा त्याच्या बोटाला चोच मारतो. श्रेणिक बाळाला घरी आणतो, आणि बोट पिकून मूल रडू लागले की ते तोंडात धरून पू चोखतो. बौद्ध अट्ठकथेतही पिकलेले बोट आहे, आणि दरबार चालू असताना ते तोंडात धरणारा, फुटलेला पू गिळणारा बापही आहे. दोन परंपरांनी एकाच माणसाबद्दल जपलेली ही आठवण इतकी सारखी आहे, की ती मगधातल्या एखाद्या जुन्या लोककथेतून दोघांकडे आली असावी असे वाटते.

विनयपिटकानुसार तरुण अजातशत्रूला बुद्धाच्या विरोधात गेलेल्या देवदत्त या भिक्षूने भरीला घातले. मांडीला खंजीर बांधून तो भर दुपारी अंतःपुरात शिरू लागला आणि पकडला गेला. राजपुत्राला, देवदत्ताला आणि सगळ्या भिक्षूंना ठार करावे, असे काही अमात्य म्हणाले. काहींच्या मते भिक्षूंचा दोष नव्हता, फक्त त्या दोघांना मारावे. उरलेल्यांनी सांगितले की राजाला विचारून तो म्हणेल तसे करावे. बिंबिसाराने पहिल्यांना काढून टाकले, दुसऱ्यांना खालच्या पदावर नेले आणि तिसऱ्यांना बढती दिली. मग त्याने मुलाला विचारले, मला का मारायचे आहे? राज्य हवे आहे, असे उत्तर आले. राजाने राज्य देऊन टाकले.

तेवढ्याने भागले नाही. बुद्धघोषाने पाचव्या शतकात रचलेल्या अट्ठकथेत पुढचे सविस्तर येते. बापाला धुराने भरलेल्या तापगृहात कोंडले, आईखेरीज कोणाला भेटायची परवानगी नव्हती. तिने आधी वस्त्रात, मग केसांत, मग पादत्राणांत अन्न लपवून नेले. तेही बंद झाले तेव्हा अंगाला चतुर्मधुर हे गोड मिश्रण माखून ती गेली. शेवटी तिलाही अडवले. राजा चंक्रमणाच्या, म्हणजे येरझाऱ्या घालत ध्यान करण्याच्या आनंदावर जगत राहिला. मग न्हाव्याला धाडून त्याच्या तळपायांना चिरा पाडल्या, वर मीठ आणि तेल चोळले आणि खैराच्या निखाऱ्यांवर पाय भाजले. त्याच दिवशी अजातशत्रूला मुलगा झाला. पुत्रप्रेम काय असते ते कळताच त्याने बापाला सोडण्याचा हुकूम दिला, पण बाप गेला होता. आईने बोटाची गोष्ट सांगितली तेव्हा ऐकून रडण्यापलीकडे काही उरले नव्हते.

जैन कथेत क्रम थोडा वेगळा आहे आणि दुःख आणखी धारदार. कूणिक बापाला बेड्या घालतो, फटके मारवतो. चेल्लणा केसांत लपवून अन्नपाणी नेते. एके दिवशी मुलगा उदायी मांडीवर असताना कूणिक आईला विचारतो, माझ्याइतके मुलावर प्रेम करणारा कोणी असेल का? आई त्याला त्याच्या बोटाची हकीकत सांगते. कूणिक तसाच उठतो आणि बेड्या तोडायला कुऱ्हाड घेऊन बंदीगृहाकडे धावतो. श्रेणिकाला वाटते, मुलगा मारायलाच येतो आहे. पितृहत्येचे पाप मुलाला लागू नये म्हणून तो तालपुट विष घेतो आणि मरतो. मुक्त करायला आलेल्या मुलाच्या हाती बापाचे प्रेत लागते. बौद्धांचा बिंबिसार मुलाच्या आज्ञेने मरतो, जैनांचा श्रेणिक मुलाला वाचवण्यासाठी मरतो. राजगीरमध्ये सुमारे ६० मीटर लांबी-रुंदीची, दोन मीटर जाड भिंतींची एक चौकोनी वास्तू बिंबिसाराचा तुरुंग म्हणून दाखवली जाते. उत्खननात तिथे लोखंडी कडे सापडले आहे.

मरणानंतर दोन्ही परंपरा त्याला वेगळ्या वाटांनी नेतात. दीघनिकायातल्या 'जनवसभ सुत्ता'त तो वैश्रवणाच्या परिवारात यक्ष म्हणून जन्मतो आणि स्रोतापन्न, म्हणजे निर्वाणाच्या प्रवाहात शिरलेला, असल्याने त्याची अधोगती होणार नसते. जैनांचा श्रेणिक पहिल्या नरकात जातो, तिथली ८४,००० वर्षांची शिक्षा भोगतो आणि येत्या उत्सर्पिणीत, म्हणजे कालचक्राच्या चढत्या अर्ध्यात, पहिला तीर्थंकर पद्मनाभ होतो. महावीरांवरच्या श्रद्धेने तीर्थंकरपद मिळाले, पण त्या श्रद्धेने नरक चुकला नाही. ज्या राजाच्या आश्रयाने संघ वाढला, त्याच राजासाठी कर्माचा नियम शिथिल करण्याचा मोह जैन आचार्यांना सहज झाला असता. तो त्यांनी टाळला.

अजातशत्रूच्या बाबतीत ही कसोटी आणखी कडक होते, कारण तो विजयी राजा होता. मामा प्रसेनजिताशी त्याची युद्धे झाली. वैशालीच्या चेटकाशी झालेल्या संग्रामात त्याने वापरलेल्या दोन यंत्रांची नावे भगवती सूत्राने जपली आहेत: मोठे दगड फेकणारे महाशिलाकंटक आणि मुसळ बसवलेला रथ, रथमुसल. नऊ मल्ल, नऊ लिच्छवी अशा अठरा गणराज्यांच्या प्रमुखांची फळी त्याच्यापुढे टिकली नाही. लिच्छवींच्या वज्जी संघाला रोखण्यासाठी त्याचे अमात्य सुनीध आणि वर्षकार गंगेकाठच्या पाटलिग्रामात किल्ला बांधत होते. पुढे पाटलिपुत्र उभे राहिले ते तिथेच.

या राजाबद्दल जैन औपपातिक सूत्र आदराने बोलते. चंपेच्या पूर्णभद्र चैत्यात महावीरांच्या दर्शनाला निघालेल्या त्याच्या मिरवणुकीचे तिथे वैभवशाली वर्णन आहे. पण नंतरच्या जैन कथांत तोच कूणिक चक्रवर्ती व्हायच्या हट्टाने कृत्रिम रत्ने करवून तिमिस्र गुहेपर्यंत जातो, तिथल्या रक्षक देवाकडून भस्म होतो आणि सहाव्या नरकात पडतो. बौद्ध 'सामञ्ञफल सुत्ता'त तो कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री जीवकाच्या आंबराईत बुद्धाला भेटायला जातो. १,२५० भिक्षू जमलेले असूनही खोकल्याचाही आवाज नाही, हे पाहून त्याला घात होईल अशी भीती वाटते. ती शांतता खरी आहे हे कळल्यावर त्याच्या तोंडून पहिली इच्छा निघते, की माझ्या उदायीभद्रालाही अशी शांती लाभो. उपदेश ऐकून तो बापाला मारल्याची कबुली देतो. बुद्ध कबुली स्वीकारतो. तो गेल्यावर मात्र भिक्षूंना सांगतो, की याने बापाला मारले नसते तर याच आसनावर याला धर्मचक्षू लाभला असता. अजातशत्रूची ही भेट भारहुतच्या स्तूपावर नावासकट कोरलेली आहे. तो दगड आज कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात आहे.

कथा मगधात थांबली नाही. अजातशत्रूची आई, राणी वैदेही, हिच्या बंदिवासाचा प्रसंग महायान सूत्रातून चीनमध्ये आणि जपानमध्ये गेला आणि तैमा मंडल या चित्राच्या कडेच्या पट्टीवर चितारला गेला. इकडे विमलसूरींनी महाराष्ट्री प्राकृतात 'पउमचरिय' रचले तेव्हा रामकथेबद्दल महावीरांचे शिष्य गौतम गणधर यांना शंका विचारणारा श्रोता म्हणून श्रेणिकालाच बसवले. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळातल्या जिनसेनांच्या आदिपुराणातही प्रश्न विचारणारा तोच. जुन्या मराठीत जैन कवी गुणदासाने 'श्रेणिकचरित्र' लिहिले. जैन पुराणांत विचारणारा राजा असतो आणि सांगणारा मुनी.

महावंस या घराण्याचा शेवट एका कठोर घटनेने सांगतो. उदायीने अजातशत्रूला मारले, उदायीला त्याच्या मुलाने, त्याला त्याच्या मुलाने, आणि नागदासकापर्यंत प्रत्येकाने बापाचे रक्त सांडून गादी घेतली. शेवटी नगरजन संतापले. हा पितृघातक्यांचा वंश आहे असे म्हणत त्यांनी नागदासकाला हाकलले आणि शिशुनाग या अमात्याला गादीवर बसवले. ज्या मगधात बुद्ध आणि महावीर दोघेही राजाबद्दल खरे बोलले, तिथल्या लोकांनी राजाकडे न्यायाधीशाच्या नजरेने पाहायला शिकावे यात नवल नाही. भारतातली सर्वांत बलाढ्य राजसत्ता त्या काळी मगधात घडत होती. तिच्या शेजारी बसून भिक्षू आणि मुनी तिच्या कर्मांची नोंद ठेवत होते. त्यांनी राजाचे अन्न घेतले, राजाचे वन घेतले, पण निवाडा आपल्याच हातात ठेवला. श्रेणिक बिंबिसार दोन्ही परंपरांत आजवर आदराने उभा आहे तो त्या निवाड्यातून गेल्यामुळे.